दोन पट्ट्या वर

एका माणसाचा आवाज मी भर सभेत फोडला. मांडीसमोर पेटी होती, तिनेच फोडला. आता तो माणूस गेला. त्याच्या मातीला मी गेले नाही आणि दहाव्यालाही गेले नाही. वाईट वाटतं का असं कुणी विचारलं तर नाही वाटत. पण ते कसं केलं हे नीट सांगण्यासारखं आहे. त्यात एक परदेशी गाणं होतं, आणि ते गाणं उलगडल्याशिवाय माझं काम झालं नसतं.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर केज तालुक्यातलं. गावच्या भजनी मंडळाची पेटी आमच्या घरी ठेवलेली असायची, कारण पावसाळ्यात न गळणारं छप्पर आमचंच होतं. वडील वाजवायचे. त्यांचा डावा हात दुखायचा, म्हणून भाता मारायला मला बसवायचे. भाता मारता मारता मी पट्ट्या बघितल्या. पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या, त्यांना नंबर; खालून वर पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, अशा. गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीवर सुखाने बसतो तो त्याचा सा. कुणाचा पांढरी एक, कुणाचा काळी एक. बायकांचा वर, काळी चार नाहीतर पाच. सा ठरला की बाकीचे सूर त्याच्या मागे आपोआप चालत येतात. वडील एकदा म्हणाले, "गाणाऱ्याचा गळा पेटीवाल्याच्या बोटात असतो बघ. बोट वर सरकलं की गळा गेला." मी तेव्हा लहान होते. ते वाक्य मला पुढे कामाला आलं.

माझा नवरा गायचा. सासर धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला. घरी कोरडवाहू जमीन, शिकलेला कुणी नाही, पण नवऱ्याचा गळा चांगला होता. काळी एकमध्ये गायला लागला की रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. मी लग्न करून आले तेव्हा घरात एवढीच एक चांगली वस्तू होती.

मग मोठा दुष्काळ पडला. विहिरी खडखडीत. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत बसलं. सरकार लाल मिलो ज्वारी द्यायचं, त्याची भाकरी थापली तर तव्यावरच फुटायची. त्याच दुष्काळात आमच्या भागात सहकारी साखर कारखाना काढायचं चाललं होतं. प्यायला पाणी नाही आणि पुढारी उसाच्या गप्पा मारतात, म्हणून लोक शेअर घ्यायला तयार नव्हते. मग पुढाऱ्यांनी एक कलापथक काढलं. गावोगाव जाऊन सहकाराची गाणी म्हणायची, लोक जमले की पुढाऱ्याने भाषण करायचं. त्यात गायला माझ्या नवऱ्याला घेतलं. हातातला खडी फोडायचा घण सुटला. दोन वेळचं जेवण पथकाबरोबर, आणि कारखाना झाला की नोकरीत आधी घेऊ असा शब्द.

पथकाची पेटी मास्तरकडे होती. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, पेटीचा. पांढरा लेंगा, तोंडात पान, बोटात अंगठ्या. त्याच्या मेव्हण्यालाही गायचं होतं आणि जागा एकच होती.

धारूरच्या बाजाराच्या दिवशी पथकाचा कार्यक्रम होता. मी बाजाराला आले होते, म्हणून पुढे जाऊन बसले. मास्तरने सूर दिला आणि मला लगेच खटकलं. मी त्याच्या बोटांकडे बघितलं. बोट काळी एकवर नव्हतं. पांढरी तीनवर होतं. तीन पट्ट्या वर. नवऱ्याला पहिल्या ओळीतच कळलं असणार, पण समोर माणसं, मागे पुढारी, मधेच थांबून पट्टी खाली घ्या असं म्हणायची त्याची पद्धत नव्हती. तो गात गेला. वरच्या ओळीला आवाज चिरला, आणि मग निघेचना. नुसती हवा.

मास्तरने पेटी थांबवली आणि माइक ओढून घेतला. "मंडळी, माफी असावी," तो म्हणाला. "दुष्काळ लई मोठा हाय. आमच्या पाव्हण्याचीबी विहीर आटली."

बाजार हसला. मेव्हणा उठला, पेटीची पट्टी खाली आली आणि त्याने तेच गाणं सुखाने म्हटलं.

मी त्याच दिवशी पुढाऱ्याच्या माणसाला गाठून सांगितलं की मास्तरने पेटी चढवली. तो म्हणाला, "बाई, तुला पेटीतलं काय कळतंय? जा घरी."

नवरा परत खडीवर आला. गावात त्याचं नाव पडलं, आटली विहीर. पोरं मागून ओरडायची. त्याने ते नाव ऐकून घेतलं, पण त्यानंतर तो गायला नाही. भजनात नाही, बैलामागे नाही, पोरांना निजवतानासुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, "घरात तरी म्हणा." तो म्हणाला, "तू गप." त्यानंतर मी त्याला म्हटलं नाही. पण मी गप बसले असं कुणी समजू नये.

पुढे बरीच वर्षं आम्ही ऊसतोडीला गेलो. पाचट अंगावर घेऊन पोरं वाढली. मग आमच्या भागातला कारखाना उभा राहिला आणि नवऱ्याला शेवटी तिथे वॉचमनची नोकरी लागली, गाडीतळावर. गाडीतळ म्हणजे उसाच्या बैलगाड्या नंबर लावून उभ्या राहतात ते मैदान. आम्हाला कामगार वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. वसाहतीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढलं, पतसंस्थेने पेटी दिली, आणि ती वाजवता येणारी मी एकटीच होते.

मास्तर त्याच कारखान्यात होता. सांस्कृतिक विभागाचा प्रमुख. मेव्हणा कुठे पुण्याला निघून गेला होता, म्हणून आता मास्तर स्वतःच गायचा. गाडीतळाच्या गेटवरून जाताना माझ्या नवऱ्याला म्हणायचा, "काय वॉचमन, बरंय ना?" नवरा सलाम करायचा. मी ते खिडकीतून बघायचे.

एका वर्षी परत पाऊस गेला. ऊस कमी, आणि शेतकरी तो दुसऱ्या कारखान्याला घालतील अशी भीती. म्हणून चेअरमनने ठरवलं की यंदाचा मोळीचा कार्यक्रम दणक्यात करायचा. मोळीचा कार्यक्रम म्हणजे हंगामाची पहिली उसाची मोळी कारखान्याच्या गव्हाणीत, ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात तो. चेअरमनचा जावई अमेरिकेत इंजिनिअर होता. तो दिवाळीला आला तो एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन. तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं. तो म्हणाला, ही माणसं देवळात गाणी म्हणत मोठी झालेली, आणि आता तोच गळा लावून लोकांना नाचायला लावतात. ह्याच चालीवर कारखान्याचं गाणं करा. चेअरमन म्हणाला करा. मास्तरने शब्द जुळवले. शेवटी तीनदा "गोड, गोड, गोड" होतं, वरच्या पंचमात. शब्द झाले, पण चाल त्याच्या हाती लागेना.

म्हणून तो टेपरेकॉर्डर काखेत घेऊन माझ्या दारात आला.

"आक्का, तुमचा कान चांगला हाय म्हणतेत. ह्याची पट्टी काढून द्या. ह्ये गाणं दर कडव्याला पट्टी बदलतंय. मला तर चार-पाच ठिकाणी बदलल्यावानी वाटतंय."

"तुमी काढा की. तुमी मास्तर."

"मला येळ कुठंय आक्का," तो म्हणाला. मग जाता जाता दारात थांबला. "तुमचे मालक गायचे न्हवं का एकेकाळी? धारूरकडं? काय म्हणायचे त्यान्ला..." आणि हसला.

म्हणजे तो विसरला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते की विसरला असेल. मी म्हटलं, "ठेवून जा टेप."

गाणं पहिल्यांदा लावलं तेव्हा शेजारीण भिंतीवर थाप मारून म्हणाली, "आक्का, भजन सोडून ह्ये काय भूत आणलंय घरात?" खरंच तसंच होतं. ट्रम्पेट एकदम तुटून पडायचे आणि तेवढ्यात गप व्हायचे. ढोल चालायचा तो पायाला ओढायचा. गाणारा ओरडायचा, रडायचा, आणि मधेच हसायचा.

मी आधी गाणाऱ्याकडे कान दिलाच नाही. मास्तर तिथेच चुकला होता. गाणारा नाचवतो, तो कुठे उभा आहे ते सांगत नाही. तळाला एक जाड तार वाजत होती, मी तिच्या मागे गेले. ती बैलासारखी होती. इकडे जायची, तिकडे तोंड घालायची, पण फिरून दावणीला यायची. जिथे ती येऊन थांबते तो सा. पेटीवर एकेक पट्टी दाबून बघितली. पांढरी एक बसली.

मग गंधारावर अडले. कोमल गंधार धरला तर गाणारा त्याच्या वर. शुद्ध धरला तर तो खाली. त्या सुराला पेटीत पट्टीच नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत तो माणूस उभा होता. सनईवाला तिथे जाऊ शकतो, पेटीवाला नाही. शेवटी मी आधी कोमल दाबून लगेच शुद्धावर घसरले, तेव्हा कुठे जवळ आलं. निषाद मात्र सरळ कोमल होता, त्याने त्रास दिला नाही.

आता पट्टी कुठे बदलते ते. त्याला मी एक सोपा उपाय केला. पांढरी एकवर बोट ठेवून भाता चालू ठेवायचा आणि टेप लावायचा. सा घरात असेपर्यंत गोड लागतो. घर बदललं की तोच सा नासलेल्या दुधासारखा लागतो. पहिलं कडवं गेलं, गोड. मधे एक जागा आली जिथे जाड तार मध्यमावर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मास्तरला ती पट्टी बदलल्याची जागा वाटत होती. माझा सा मात्र खटकला नाही. बैल शेजारच्या रानात चरायला गेला होता, दावण तिथेच होती. मग ट्रम्पेटनी तीन ठोके दिले आणि एकदम सा नासला. मी बोट उचलून पुढच्या पट्टीवर ठेवलं, काळी एकवर. बसलं. पुढच्या कडव्याला परत तीन ठोके, पांढरी दोन. शेवटच्या कडव्याला काळी दोन. म्हणजे चढ तीनच, आणि दर चढ एकाच पट्टीचा. बाकीचं सगळं मास्तरच्या कानातलं.

मला त्या माणसांचं नवल वाटलं. आपल्याकडे एकदा सा धरला की भजन संपेपर्यंत तोच. जातं एकदा बसवलं की बसवलं, दळायचं ते तिथेच. हे लोक दळता दळता जातं उचलून वरच्या पायरीवर ठेवतात आणि पीठसुद्धा सांडत नाही. आणि एकदा वर गेले की खाली येत नाहीत. त्या गाण्यात परतीची वाटच नव्हती. हे माझ्या लक्षात राहिलं.

मास्तरला मी पट्ट्या सांगितल्या, आणि तो गाणार म्हणून कार्यक्रमात पेटी मीच धरायची असं ठरलं. तो पेटीवर गाऊन बघायला आला. शेवटच्या कडव्याला, काळी दोनमध्ये, "गोड" म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या, पण सूर लागला.

मी म्हटलं, "मास्तर, ह्याच्या वर जाईल का?"

"ह्याच्या वर? आक्का, ह्याच्या वर देव बसलाय. हीच पट्टी धरा, जशी टेपात हाय तशी. जावईबापूला तसंच पायजे."

दुसऱ्या दिवशी मी परत टेप लावला, आणि माझा सा बसेना. पांढरी एक गाण्याच्या वर जात होती. तिच्याखालची पट्टी लावली तर तीही बसेना. गाणं दोन पट्ट्यांच्या मधे येऊन पडलं होतं. मला आधी वाटलं पेटी बिघडली. सगळ्या पट्ट्या वाजवून बघितल्या, पेटी ठीक होती. पेटी ठीक असेल तर गाणं खाली आलं. आणि कॅसेटमधलं गाणं माणसासारखं थकत नाही. थकले असतील तर सेल.

टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा बघितला, मिणमिणत होता. सेल काढून अंगणात उन्हात ठेवले, आपण ठेवतो तसे. दुपारी घातले, गाणं परत पांढरी एकला आलं. म्हणजे आतापर्यंत मी आणि मास्तरने ऐकलं ते दमलेलं गाणं होतं. मास्तरने माझ्याकडे आणायच्या आधीच रात्रंदिवस लावून सेल उतरवले होते. वसाहतीच्या दुकानातून नवे सेल आणून घातले. गाणाऱ्याचा आवाज बारीक झाला, ढोल पळायला लागला, आणि जाड तार येऊन थांबली पांढरी दोनवर. खरं गाणं दोन पट्ट्या वर होतं. पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, आणि शेवट पांढरी चार.

पेटीसमोर बसून मी त्या चार पट्ट्या परत परत दाबून बघितल्या. चुलीवर डाळ करपली.

मास्तरला सांगणार होते आणि मग मन बदललं असं मी म्हणणार नाही. सांगणार नव्हतेच. नवे सेल काढून डब्यात ठेवले आणि जुने परत घातले. मास्तरची तालीम पांढरी एकपासूनच चालू ठेवली. तो रोज थोडा जास्त खूश व्हायचा.

ट्रम्पेट आणि क्लॅरनेट केजच्या एका लग्नाच्या बँडचे येणार होते. ते तिकडच्याच वरातींत अडकले होते, तालमीला न येता थेट मोळीच्या दिवशीच पोचणार. मास्तर म्हणाला, "आक्का, तुमीच एकदा केजला जाऊन त्यान्ला पट्ट्या समजावून सांगा. मला त्या जीपमधी कोंबून जायला न्हाई जमत." तर मी त्याच्या हुकमानेच गेले. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी होती आणि टेपरेकॉर्डर पायाशी. त्यात नवे सेल होते.

ट्रम्पेटवाला म्हातारा होता, दात पडत आलेले. गाणं ऐकून तो खूश झाला, म्हणाला असं वाजवायला मिळत असेल तर वराती सोडून देतो. मी त्याला पट्ट्या सांगितल्या. पांढरी दोनपासून. तीन ठोके, चढ. तीन ठोके, चढ. त्याने वाजवून बघितलं आणि ट्रम्पेट खाली ठेवला.

"ताई, गाणार कोण?"

"मास्तर."

"मास्तर पांढरी चारला गाईल?"

"टेपात अशीच हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी तवा धारूरला आलतो," तो म्हणाला. "बाजारात. तुमच्या मालकाच्या टायमाला. आमी बँडवाले मागं उभे व्हतो."

मी बटण दाबून टेप परत सुरुवातीला आणला.

"टेपात हाय तर मग तशीच वाजवायची," तो म्हणाला आणि चहा सांगितला.

मोळीच्या दिवशी कारखान्यासमोर मांडव होता. शेतकरी, तोडणीची माणसं, बायका, पोरं. स्टेजवर चेअरमन, बाजूला जावई. माझा नवरा ड्युटीवर होता, मांडवाच्या मागच्या टोकाला काठी घेऊन उभा. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नको म्हणाला असता.

मोळी पडली, नारळ फुटला, मग गाणं. मास्तर नवा झब्बा घालून माइकसमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, "धरा आक्का." मी पांढरी दोन धरली. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं नाही. दुसऱ्याची बोटं बघायची सवय त्याला कधीच नव्हती.

पहिलं कडवं त्याने फार छान म्हटलं. मागून ट्रम्पेट तुटून पडले तसे लोक माना डोलवायला लागले, जावई टाळ्या वाजवायला लागला. मास्तरला त्याचीच नशा चढली. तीन ठोके पडले, काळी दोन. त्याची हनुवटी वर गेली. हीच त्याच्या तालमीतली शेवटची पट्टी होती आणि गाणं अजून अर्धं बाकी होतं. ते त्याला कळलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग बोटांकडे. मी भाता मारत होते. त्याने डाव्या हाताने खाली, खाली अशी खूण केली. मी ट्रम्पेटवाल्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. तीन ठोके. पांढरी तीन.

बरोबर पांढरी तीन. धारूरची पट्टी. ती मी निवडली नव्हती, गाण्यातच होती.

तिथे तो चिरायला लागला. कडव्याचा शेवट त्याने नुसता ओठांनी काढला. थांबला असता तर वाचला असता. पण समोर चेअरमन, बाजूला जावई, आणि मी सांगितलं ना, त्या गाण्याला परतीची वाट नव्हती. शेवटचे तीन ठोके पडले. पांढरी चार. "गोड" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि आतून कोंबडीचं पिल्लू दाबल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा तोही नाही. तिसऱ्यांदा नुसती हवा. ट्रम्पेट मात्र शेवटपर्यंत वाजले, झकास वाजले, आणि एकदम थांबले.

मग अगदी मागून, काठी टेकून उभ्या माणसांच्या बाजूने, माइक नसताना स्टेजपर्यंत पोचणारा आवाज आला. "मास्तर, विहीर आटली का?"

मांडव फुटला. तोडणीच्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. धारूरकडची जुनी माणसं तर गुडघ्यावर थापा मारत होती. तो आवाज कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही. काळी एकचा होता.

मास्तर स्टेजच्या मागे आल्या आल्या माझ्यावर बोट रोखून म्हणाला, "हिनं चढवली. हिनं पेटी चढवली. चेअरमनसाहेब, मी रोज खाली म्हणतोय."

चेअरमन माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "मला पेटीतलं काय कळतंय साहेब. जशी टेपात हाय तशीच धरा, असं मास्तरच म्हणले. टेप लावून बघा."

जावयाने टेप लावला. सेल नवे होते. मी पेटीवर पांढरी दोन दाबली. सूर सुराला लागून गेला, मधे नखसुद्धा शिरलं नसतं. दर चढाला मी पुढची पट्टी दाबत गेले. जावई म्हणाला, "एकदम बरोबर आहे. बाईंनी ओरिजिनल पट्टी धरली." ट्रम्पेटवाला तोंड पुसत म्हणाला, "आमालाबी हीच दिली व्हती, साहेब. आमी टेपावरच बसवलं."

मास्तर म्हणाला, "टेपात अशी न्हवती. मी कितींदा ऐकलंय." त्याचा आवाज अजून बसलेला होता. ती घरघर ऐकून चेअरमनलाच हसू आलं.

"मास्तर," चेअरमन म्हणाला, "वय झालं आता. कशाला धरून बसता गाणं? आराम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ड्युटीवर जायच्या आधी चहा पीत बसला होता. बशीत फुंकर मारत म्हणाला, "दोन पट्ट्या चढवल्यास."

"टेपात दोनच व्हत्या."

त्याने चहा संपवला. बशी पालथी घातली. "मला तीन चढवल्या व्हत्या त्यानं," तो म्हणाला आणि काठी घेऊन निघून गेला.

मास्तरला गाणं परत मिळालं नाही. चेअरमनने त्याला गाडीतळावर बसवलं, पत्र्याच्या खोलीत, माइकवर बैलगाड्यांचे नंबर पुकारायला. त्या दिवशी त्याचा गळा असा बसला होता की नंबर पुकारतानाही मधेच चिरायचा, आणि गाडीवान त्याची नक्कल करायचे. भोंगा वसाहतीपर्यंत ऐकू यायचा. मी भाकरी थापताना ऐकायचे.

नवरा गायला लागला का, असं मला लोक विचारतात. नाही लागला. गेलं ते गेलं. पण तो गाडीतळाचाच वॉचमन होता, आणि पत्र्याच्या खोलीच्या अगदी समोरची जागा त्याने मुकादमाला सांगून मागून घेतली. ऊस कमी होता, तरी हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालला. त्या हंगामात त्याला ताप आला, मुलीकडे बारसं झालं, माझा भाऊ वारला. माझ्या नवऱ्याने एक दिवस रजा घेतली नाही.